तीन महिन्यांच्या कराटेनंतर काय?

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, पालघर



7 ऑगस्ट 2021, टोकियो ऑलिंपिक, कराटेची अंतिम लढत. सौदी अरेबियाच्या तारेग हामेदीची लाथ बसली आणि इराणचा सज्जाद गंजजादे मॅटवर बेशुद्ध पडला. सुवर्णपदक मिळालं ते गंजजादेला! जादा जोर लावला म्हणून हामेदी बाद झाला होता. खेळ म्हणून ते रास्तच. पण शाळांमधून मुलींना स्वसंरक्षण म्हणून जे शिकवलं जातं, ते बहुतेक वेळा याच खेळाच्या मुशीतलं असतं. बोईसर स्टेशनबाहेर पंच नसतो.

समग्र शिक्षा अभियानातल्या ‘राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण’ योजनेत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी सरकारी शाळेला दरमहा 5,000 रुपये मिळतात, तेही तीन महिने. पंधरा हजारांत होण्यासारखं काय? रांगेत उभं राहून हवेत ठोसे, एक काता (ठरलेल्या हालचालींची मालिका), शेवटी पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक आणि फोटो. कराटेचा हात खरोखर बसायला काही वर्षं लागतात, हे कुठलाही प्रामाणिक प्रशिक्षक सांगेल.

दुसरी अडचण याहून मोठी. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच निघतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक. अंधारातून झेप घेणारा अनोळखी गुंड समोर धरून आखलेला सराव इथे कितीसा कामी येणार? काकाच्या वयाच्या माणसाला लाथ घालायची, तर आधी त्याला मोठ्याने ‘नाही’ म्हणायची सवय हवी.

म्हणून शिकवणं निरर्थक, असं मात्र नाही. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत शार्लीन सेन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षाच्या 893 विद्यार्थिनींपैकी निम्म्यांना बारा तासांचं प्रशिक्षण दिलं, बाकीच्यांना फक्त माहितीपत्रकं. वर्षभरात बलात्काराचं प्रमाण माहितीपत्रकवाल्या गटात 9.8 टक्के होतं, प्रशिक्षित गटात 5.2. त्या बारा तासांत हातापायांच्या तंत्राला थोडाच वेळ होता. ओळखीच्या माणसाकडून असलेला धोका वेळीच हेरणं, भीड मोडणं आणि आरडाओरडा करून निसटणं, यावर भर होता. विद्यापीठातल्या तरुणींचा हा अनुभव सहावीतल्या मुलीला जसाच्या तसा लागू होणार नाही, पण दिशा कळते.

कायद्याचं भानही असंच शिकवायला हवं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 खाजगी संरक्षणाचा हक्क देतात. मात्र बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करण्याची मुभा नाही. कराटेच्या वर्गात हे कोण सांगतं? यातल्या कित्येक मुली उद्या तारापूर एमआयडीसीत पाळीवर जातील. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरोधातल्या 2013 च्या कायद्याने तक्रारीसाठी अंतर्गत समिती लागते आणि त्याहून लहान कारखान्यांतल्या बायकांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, हे त्यांना शाळेतच कळायला हवं.

तेव्हा विनंती अशी: पुढल्या प्रशिक्षणाचा आराखडा मंजूर करताना काता कमी करावेत. मनगट धरलं, केस ओढले, वाट अडवली, असे प्रसंग खरोखर प्रतिकार करणाऱ्या जोडीदाराबरोबर घोटून घ्यावेत. निम्मे तास आवाज, ओळखीच्यांकडून होणारा त्रास, 112 आणि 1098 या मदतवाहिन्यांची माहिती यांना द्यावेत. आणि प्रात्यक्षिकाच्या फोटोऐवजी, सहा महिन्यांनी मुलींना काय आठवतं याचा अहवाल शाळांकडून मागवावा.

आपला,
एक पालघरकर