सिनेमा बघायला शिकवणारा आपल्या नांदेडचा लेखक

सिनेमा बघून आलेल्या बाईला 'कसा होता गं?' असं विचारलं, तर ती काय सांगते? 'बरा होता.' फार तर 'गाणी छान आहेत', नाही तर 'रडू आलं बाई!' संपला विषय. त्याच बाईला येळवशीच्या जेवणाबद्दल विचारून बघा. भज्जीत भाज्या कमी आणि पीठच जास्त झालं, अंबील नीट आंबलं नव्हतं, उंडे मात्र जाऊबाईंनीच करावेत... अर्धा तास सहज बोलेल, आणि एक शब्द वावगा नसेल. म्हणजे पारख आपल्याकडे आहे. सिनेमाच्या बाबतीत तेवढी ती वापरायची आपल्याला सवय नाही. घरातसुद्धा पुरुषमंडळी सिनेमावर बोलायला लागली, की आपण चहा टाकायला उठतो!

ही सवय मला ज्यांच्या पुस्तकांनी लावली, त्या लेखकाबद्दल आज लिहायचं आहे. त्यांचं नाव विजय पाडळकर. माझं माहेर नांदेडचं, सासर लातूरचं. त्यामुळे नांदेडचं कुणी काही चांगलं केलं, की मला जरा जास्तच आनंद होतो, हे आधीच कबूल करते. पण पाडळकरांचं कौतुक केवळ गाववाले म्हणून नाही. बँकेत नोकरी करता करता नांदेडसारख्या गावात राहून त्यांनी जगभरच्या सिनेमावर आणि साहित्यावर मराठीत पुस्तकामागून पुस्तक लिहिलं. सिनेमावर लिहायचं तर मुंबईत राहावं लागतं, नटनट्यांच्या ओळखी लागतात, हा आपला समज त्यांनी खोटा ठरवला.

त्यांच्या लिखाणात कोणाचं कोणाशी जमलं, कोणाचं बिनसलं, ही भानगड नाही. किती 'स्टार' द्यायचे, हाही हिशेब नाही. ते मुळात वाचणारे गृहस्थ. चेकॉव्ह या रशियन कथाकारावर त्यांनी 'कवडसे पकडणारा कलावंत' हे पुस्तक लिहिलं आहे. सिनेमाकडेही ते वाचकाच्याच नजरेनं बघतात. मूळ कथा काय होती, दिग्दर्शकानं त्यातलं काय ठेवलं, काय गाळलं, काय नवं घातलं आणि ते का, असं उलगडत जातात. आपण एखादीची साडी हातात घेऊन पोत बघतो, पदर उलटून मागचे धागे बघतो ना, अगदी तसं.

गुलजारांच्या सिनेमांवरचं त्यांचं 'गंगा आये कहाँ से' हे पुस्तक मी वाचलं आणि गुलजारांचे सिनेमे ओळीनं पुन्हा बघायला घेतले. तेव्हा लक्षात आलं, की या माणसानं किती सिनेमे साहित्यातून उचलले आहेत! १९७५चा 'खुशबू' शरच्चंद्रांच्या कथेवरचा. १९८२चा 'अंगूर' शेक्सपिअरच्या नाटकावरचा. १९८७चा 'इजाजत' सुबोध घोष या बंगाली लेखकाच्या 'जतुगृह' या कथेवरचा. त्याच कथेवर तपन सिन्हांनी १९६४ साली बंगालीतही सिनेमा केला होता.

'इजाजत' तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला असेल. पावसाळी रात्र, स्टेशनची वेटिंग रूम, आणि तिथं अचानक समोरासमोर आलेले एकेकाळचे नवराबायको. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला रेखा, नसिरुद्दीन आणि गाणी एवढंच आठवत होतं. दुसऱ्यांदा बघताना मनात प्रश्न आला : ही गोष्ट घरात का नाही घडत? वेटिंग रूममध्येच का? आपण नांदेड-परभणीकडच्या बायका, पूर्णा जंक्शनवर गाडीची वाट बघत रात्र काढलेल्या. आपल्याला याचं उत्तर कुणी सांगायला नको. वेटिंग रूम कुणाचीच नसते. तिथं ना सासर, ना माहेर. तिथं बाई कुणाची सून नसते, कुणाची बायको नसते. म्हणून ती खरं बोलू शकते. सकाळ झाली, दुसरा नवरा न्यायला आला, की पुन्हा डोक्यावर पदर आणि हातात पिशव्या. हे मला एकदम दिसलं आणि अंगावर काटा आला. एक चांगला समीक्षक वाचला, की असं होतं. तो आपल्याला त्याचं मत देत नाही, आपलंच मत सापडवून देतो.

दुसरं पुस्तक सांगते : 'गर्द रानात भर दुपारी'. हे जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या 'राशोमोन'वरचं. हा सिनेमा १९५०चा. १९५१ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. एका जंगलात एक सामुराई मरतो. दरोडेखोर एक हकीकत सांगतो, सामुराईची बायको दुसरी सांगते, मेलेला नवराही मांत्रिक बाईच्या तोंडून तिसरीच सांगतो, आणि बघणारा लाकूडतोड्या चौथी. खरं कुणाचं? अकुतागावा या लेखकाच्या दोन कथांमधून हा सिनेमा घडला. पण लाकूडतोड्याची ती हकीकत आणि शेवटी सापडणारं टाकून दिलेलं मूल, हे कुरोसावांनी स्वतः घातलेलं आहे.

आता म्हणाल, जपानी सिनेमाचं आम्हाला काय? अहो, एकत्र कुटुंबात नांदणाऱ्या बाईला 'राशोमोन' वेगळा समजावून सांगायला नकोच! दिवाळीत झालेली कुरबुर सासूबाई एका प्रकारे सांगतात, नणंद दुसऱ्या, आपण तिसऱ्या. खोटं कुणीच बोलत नसतं, पण स्वतःला जरा बऱ्या उजेडात सगळेच ठेवतात. हा सिनेमा पाहिल्यापासून एखादी गोष्ट कानावर आली, की मी आधी विचारते, 'हे सांगतंय कोण?' घरातले निम्मे वाद तिथंच विझतात.

एक तक्रारही नोंदवून ठेवते, म्हणजे नुसती स्तुती केली असं नको. परदेशी नावांची गर्दी झाली, की आपली गाडी अडते. अशा वेळी सरळ दोन पानं सोडून पुढं जावं. गोष्ट पुन्हा सापडते. आणि समीक्षकाचं सगळं पटलंच पाहिजे असंही नाही. नाही पटलं, तर का नाही, हे सांगता आलं म्हणजे झालं.

या सवयीचा उपयोग काय, ते सांगते. मध्यंतरी आमच्याकडे पाहुणे असताना जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'वर बोलणं निघालं. १९८२चा सिनेमा, शांता निसळांच्या 'बेघर' कादंबरीवरचा, पटकथा तेंडुलकरांची. एक काका म्हणाले, 'नोकरीसाठी घर सोडणाऱ्या बाईचं असंच व्हायचं!' सगळ्यांनी माना हलवल्या. मी म्हटलं, 'काका, ती परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. मग घर नेमकं मोडलं कुणी? आणि ती पुन्हा बाहेर पडते, तेव्हा सिनेमा तिला हरलेली दाखवतो का? स्मिता पाटीलचा चेहरा आठवून सांगा.' काका गप्प झाले. गंमत म्हणजे आमच्या सासूबाई आतून म्हणाल्या, 'बरोबर बोलली.' मैत्रिणींनो, सिनेमा निमित्त असतो. पडद्यावरच्या बाईबद्दल जे बोललं जातं, ते घरातल्या बाईलाही ऐकवलेलं असतं. म्हणून तिथं आपलं तोंड बंद असू नये.

तर आता आपण काय करायचं? खर्च काहीच नाही.

मूळ पुस्तक हाताशी असलेला सिनेमा निवडा. सुरुवात 'श्यामची आई'नं करा. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं पुस्तक घरोघरी असतं, आणि आचार्य अत्र्यांच्या १९५३च्या सिनेमाला तर पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. मुलांनाही सोबत बसवता येतं. मग 'बेघर' आणि 'उंबरठा'. पुस्तकं वाचनालयात मिळतात. नसतील तर ग्रंथपालांच्या मागं लागून मागवून घ्या.

सिनेमा बघताना मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि भाजी निवडायला घेऊ नका. दोन तास तुमचे आहेत.

नंतर वाण्याच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर तीनच ओळी लिहा : पुस्तकातलं काय गाळलं? नवं काय घातलं? मला कोणतं दृश्य राहून राहून आठवतं? शाळेत मुलींना मी हेच तीन प्रश्न देते. आठवीतल्या मुली अशी उत्तरं लिहितात, की मी तपासायचं विसरून वाचत बसते.

जमलं तर महिन्यातून एकदा शेजारच्या दोघी-तिघींना बोलवा. भिशी असतेच, तिलाच जोडून घ्या. पण एक नियम : 'बरा होता' असं कुणी म्हणायचं नाही!

तुमच्या वहीतल्या तीन ओळी मला जरूर कळवा. निवडक पुढच्या महिन्यात इथंच छापू.