चिखलाचा हिशेब

मुंबईत तिवरं तोडायची परवानगी मागणारा प्रत्येक मोठा प्रकल्प सोबत एक आश्वासन घेऊन येतो: इतकी तोडू, त्याच्या इतक्या पट लावू. डिसेंबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाने बुलेट ट्रेनसाठी सुमारे 22 हजार तिवरं तोडायला परवानगी दिली, तेव्हा पाचपट लावण्याचा शब्द दिलेला होता. मूळ आकडा 50 हजारांच्या वर होता आणि आराखडा बदलून तो निम्म्याखाली आणला गेला, हेही नोंदवायला हवं. मनावर घेतलं तर झाडं वाचवता येतात, एवढं त्यातून नक्की कळतं.

पाचपटीचा हिशेब मात्र मला पटत नाही, कारण त्यात फक्त झाडं मोजली जातात. खारफुटीची सगळ्यात मोठी पुंजी तिच्या मुळांखालच्या चिखलात असते. ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या किंवा भांडुपच्या खाडीकाठी उभं राहिलं की कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. लोक नाकाला रुमाल लावतात. पण त्या काळ्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणूनच तो वास येतो. प्राणवायू नाही म्हणून तिवराची श्वासमुळं खिळ्यांसारखी वर निघतात, आणि त्याच कारणाने पडलेली पानं, मेलेली मुळं तिथे लवकर कुजत नाहीत. झाडाने हवेतून घेतलेला कार्बन थरावर थर साठत जातो, शतकानुशतकं. हेक्टरी हिशेब केला तर जमिनीवरच्या उष्ण प्रदेशातल्या जंगलाच्या कितीतरी पट साठा इथे सापडतो. हा चिखल उपसला, वाळवला की त्याला हवा लागते आणि तो साठा पुन्हा आभाळात जायला लागतो. दुसरीकडे लावलेलं वीतभर रोप ही तूट कधी भरून काढणार?

बरं, तिवरं मारायला कोयता लागतोच असं नाही. एखादी मोरी बुजवली, रात्री डेब्रिजचे चार ट्रक रिकामे केले, भरतीची वाट अडली की काम झालं. पाणी तुंबलं तर श्वासमुळं बुडून झाड गुदमरतं, पाणी आलंच नाही तर उभ्या जागी वाळतं. 17 सप्टेंबर 2018 च्या निकालात उच्च न्यायालयाने कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला ठरवला, भोवती 50 मीटरचा पट्टा राखायला सांगितलं. बुजलेली मोरी मात्र कुणा एकाचा गुन्हा म्हणून सिद्ध करणं कठीण असतं.

भरतीची जी वाट अडली की तिवरं मरतात, तीच मोकळी केली की तगतात. कांदळाचं बी झाडावरच रुजतं, लांब शेंगेसारखं लोंबतं, गळून पडलं की तरंगत जागा शोधतं. फ्लोरिडात रॉबिन लुईस या शास्त्रज्ञाने वेस्ट लेकच्या काठी हेच ओळखून काम केलं. जमिनीचा उतार आणि भरतीच्या वाटा नीट करून दिल्या, बिया पाण्याबरोबर आपणहून आल्या. उलट, फिलिपिन्समध्ये उघड्या चिखलपट्ट्यांवर रोपांच्या रांगा लावल्या गेल्या आणि त्यातल्या पुष्कळशा जगल्याच नाहीत.

पाणी आलं की तिवरं आपणहून येतात, याचा आपल्याकडचा दाखला रायगडात आहे, आणि तो सुखाचा नाही. पेण-अलिबागकडे खारभूमीचे बांध फुटले, वेळेत दुरुस्त झाले नाहीत. भातखाचरांत खारं पाणी शिरलं आणि कुणी न लावता तिवरं उभी राहिली. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर, पण पीक गेलं आणि झाडाला हात लावायचीही सोय नाही. त्याचा राग मी चुकीचा म्हणणार नाही. निसर्गाने तिथे जंगल परत आणलं, त्याची किंमत मात्र एका शेतकरी कुटुंबावर पडली.

म्हणून पाचपट रोपांवर खर्चायचा पैसा आधी दोन ठिकाणी जावा असं मला वाटतं. एक, ठाणे खाडीभोवतीचा भराव काढून बुजलेल्या मोऱ्या मोकळ्या करायला. दुसरं, ज्याच्या शेतात तिवरं वाढली त्याला दरवर्षी रोख मोबदला द्यायला. त्याच्या बुडालेल्या खाचरात साठणारा कार्बन आपल्या सगळ्यांच्या उपयोगाचा आहे, तर त्याचं भाडंही आपण सगळ्यांनी भरलं पाहिजे.