दोष एकट्याचा नव्हे

कामगार बंधूंनो,

जबलपूरच्या चेरीतालमधून हे लिहिताना आम्हांस रंगापाणी आठवते. १७ जून २०२४ रोजी पश्चिम बंगालमधील या स्टेशनाजवळ मालगाडी कांचनजंगा एक्सप्रेसवर मागून आदळली. मालगाडीचा चालक ठार झाला; काही तासांतच दोष त्याच्याच माथी मारला गेला. मेलेला माणूस जबाब देत नाही!

पुढे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघाले की, स्वयंचलित सिग्नल सकाळपासून नादुरुस्त होते, चालकाला दिलेला मेमो चुकीचा होता, त्यात वेगमर्यादा नव्हती आणि प्रशिक्षणही अपुरे होते.

आपली चूक आपण लपवू नये; पण वरच्यांनीही आपला वाटा उचलावा. रेल्वे असो वा टपाल, साथीला चार्जशीट मिळाली तर उत्तर लिहायला त्याच्याजवळ बसा. त्याला एकटे सोडू नका.