पिलाटीज, व्हिडिओ आणि माझी कंबर

परवा ऑफिसात एक मित्र कौतुकाने सांगत होता, "कंबर धरली होती ना, आता व्हिडिओ बघून पिलाटीज करतोय. रोज हंड्रेड!"
"आणि मान?"
"दुखते थोडी. तुला कसं कळलं?"

कळणार नाही तर काय! हंड्रेड म्हणजे उताणं झोपून डोकं-खांदे उचलायचे, पाय अधांतरी धरायचे आणि हात शंभर वेळा हलवायचे. पाच ठोके श्वास आत, पाच ठोके बाहेर. पोटात जोर नसेल तर सगळं ओझं मानेवर. वर पाय फार खाली आणले की कंबरेची कमान होते. म्हणजे ज्या दुखण्यासाठी करताय तेच वाढवायची सोय.

दोन वर्षांपूर्वी मी हे सगळे उद्योग केलेत. एका जिममध्ये (नाव जाऊ दे) वीस जणांना एकच व्यायाम, रोल-अप. माझी कळ पुढे वाकलं की पायात उतरायची, आणि हा व्यायाम सगळा पुढे वाकण्याचाच. पण कुठे दुखतं, कधी दुखतं, हे कुणी विचारलंच नाही. तिसऱ्या दिवशी बूट घालता येईना.

मग फिजिओथेरपिस्टकडे गेलो. मॅडमनी पहिल्या दिवशी गुडघे वाकवून झोपवलं आणि फक्त एक पाऊल उचलायला लावलं. मनात म्हटलं, ह्याचे पैसे? त्यांनी कटीच्या हाडाच्या जरा आत बोटं ठेवली. "इथे हलका ताण यायला हवा, पोट फुगता कामा नये. आणि श्वास का रोखलात?" मला तर वाटत होतं मी छान श्वास घेतोय!

सगळी गोम इथेच आहे. आपली चूक आपल्याला आतून दिसत नाही, आणि व्हिडिओतल्या बाईंना आपण दिसत नाही. प्रोग्रॅम कंपाइल झाला म्हणजे बरोबर चालतोय असं थोडंच असतं?

त्यात पाटी कुणीही लावू शकतं. 'पिलाटीज' हे नाव कुणा एकाच्या मालकीचं नाही, असा निकाल अमेरिकेतल्या कोर्टाने २००० सालीच दिला. खुद्द जोसेफ पिलाटीज आपल्या पद्धतीला 'कंट्रोलॉजी' म्हणायचे! आणि ही काही जादू नव्हे. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार कंबरदुखीत काहीच विशेष न करण्यापेक्षा पिलाटीज बरं, पण इतर व्यायामांपेक्षा सरस असल्याचा ठोस पुरावा नाही. मग पैसे द्यायचेच तर बघणाऱ्या डोळ्यांचे द्यावेत, चकचकीत मशीनचे नकोत. महाग पडतं, मान्य. पण मला चार-पाच वेळा एकट्याने शिकून पुढे घरी करणं पुरलं. जिमची वर्षाची फी ह्याहून जास्त होती (ती बुडाली ते वेगळंच).

असो. मित्राला कॉन्फरन्स रूममध्ये सतरंजीवर झोपवलं. म्हटलं, एक पाय उचल आणि गप्पा चालू ठेव. पाय वर गेला आणि साहेबांचं बोलणं बंद!

मॅडमचा नंबर त्याला पाठवून दिलाय.