निब उपसण्याआधी भिजत घाला

शेजारची आठवीतली मुलगी परवा शाईचं पेन घेऊन आली. "आजोबा, उमटतच नाही. आई म्हणते, टाकून दे." पेन धड होतं. टोपणाविना चार दिवस दप्तरात राहिलं आणि शाई निबेच्या चिरेत वाळली, इतकंच.

काही शाळा शाईचं पेन आणूच देत नाहीत. कपडे डागाळतात म्हणे. मला हे मुळीच पटत नाही. बंदी घालण्यापेक्षा वर्षातून एक तास पेन धुवायला द्या. निदान स्त्रीशिक्षणासाठी झिजलेल्या महर्षी अण्णा कर्व्यांच्या या मुरुडात तरी लिहिण्याच्या साधनाची अशी हेळसांड नको.

त्या मुलीला मी पोफळीची पन्हळ दाखवली. पाला अडकला की आळ्याला पाणी पोचत नाही; मग आपण झाड तोडतो का? निबेखालच्या काळ्या जिभेतही अशीच बारीक पन्हळ असते. तिच्यातून शाई खाली उतरते आणि तेवढी हवा वर जाते. वॉटरमनने अमेरिकेत १८८४ साली पेटंट घेतलं ते याच करामतीचं.

टाकी रिकामी करून निबेकडचा भाग रात्रभर करवंटीत भिजत घातला. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ, वाळलं की पांढरे क्षार धरतं. म्हणून पागोळीचं, गाळलेलं पाणी घेतलं. कढत पाणी मात्र कधीच नको, एबोनाइटची जीभ वाकडी होते. सकाळी पाणी निळंशार झालं होतं. बहुतेक पेनं एवढ्यानेच चालू लागतात. हे लागलं नाही, तेव्हाच निब काढायची.

त्यासाठी सायकलच्या ट्यूबचा तुकडा पुरतो. निब आणि जीभ त्यात एकत्र धरायची, न पिळता सरळ ओढायची. किती आत बसली होती ते आधी बघून ठेवायचं. मऊ ब्रशने जिभेच्या खाचा घासायच्या. चिरेत ब्लेड घालू नये, टोकं फाकतात. चित्रकलेची काळी शाई पेनात भरूच नये. तिच्यात काजळी आणि लाख असते, ती पाण्याला दाद देत नाही. आणि परत बसवण्याआधी सगळं कोरडं करायचं. इथला खारा वारा स्टीलच्या निबेला सोडत नाही.

सातवीत असताना वडिलांच्या पेनची निब मी पकडीने ओढली होती. दोन टोकं फाकली ती पुन्हा जुळली नाहीत. वडील रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी माळ्यावरून जुना टाक काढला आणि दौतीत बुडवून हिशेब लिहायला बसले. तो टाकाचा करकर आवाज अजून कानात आहे, म्हणूनच त्या मुलीच्या हातात मी पकड दिली नाही.

तिने स्वतः निब ओढली, घासली, बसवली. कागदावर पहिली ओळ फिकट आली, दुसरी जरा गडद. तिसऱ्या ओळीत तिने स्वतःचं नाव लिहिलं.