पोपटी एकट्याची नसतेच!

उन्हाळ्यात कर्जत लोकलच्या खिडकीसाठी अक्षरशः भांडणं होतात. थंडीत मात्र पहाटेच्या गाडीला तीच खिडकी लोक एकमेकांना प्रेमाने देऊ करतात. ‘बसा काकू, तुम्ही बसा इथे!’ काकूही काही कमी नसतात. ‘नको रे, तूच बस, तुला हवा लागते ना!’ शेवटी खिडकी बंद होते आणि सगळे सुखाने झोपतात.

आमच्या कडावची थंडी काही हिमाचलची नाही. पण सकाळी घरातल्या प्रत्येकाला ‘आधी दुसऱ्याने आंघोळ करावी’ असं मनापासून वाटायला लावण्याइतकी ती नक्कीच असते. आजीच्या कानटोपीला हसणारी मंडळी डिसेंबरमध्ये तीच कानटोपी गुपचूप शोधत असतात.

आणि काय दिसतं राव तेव्हा गाव! कर्जत-मुरबाड रस्त्यावर पहाटे उभं राहिलं की पुढचं शेत धुक्यात गायब असतं. सूर्य सह्याद्रीच्या मागून जरा आळसातच वर येतो. त्यामुळे ऊन आधी माथेरानच्या माथ्यावर पडतं आणि मग हळूहळू आपल्यापर्यंत पोचतं. भात कापून झालेल्या शेतात जमिनीच्या ओलीवर आणि दवावर वाल तरारलेला असतो. याचं स्टेटस ठेवायलाच हवं, ठेवाच!

वालाला शेंगा धरल्या की सुरू होतो पोपटीचा सीझन. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, बटाटे आणि खाणाऱ्यांसाठी अंडी-चिकन. पाण्याचा थेंबही नाही. पाल्यानेच तोंड बंद करायचं, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पोपटीची खरी गंमत म्हणजे ती एकट्याने होत नाही. एक जण शेंगा आणतो, एक मडकं, एक बांधावर भांबुर्डा शोधत फिरतो. आणि एक जण काहीच न करता ‘अजून पाच मिनिटं ठेवा’ एवढंच सांगतो. प्रत्येक ग्रुपमध्ये तो असतोच.

याच दिवसांत आपल्या भागात वीटभट्ट्याही पेटतात. दिवाळीनंतर कितीतरी कातकरी कुटुंबं पोराबाळांसह भट्टीवर राहायला जातात आणि पावसाळ्याआधी परततात. राहायला खोपटं, आडोशाला प्लास्टिक. विटा पाडायचं काम अंधार असतानाच सुरू होतं. आपण गरम पाण्याच्या बादलीवरून वाद घालत असतो, तेव्हा त्यांचे हात थंड चिखलात असतात. तिकडे फार्महाऊसवर ‘पोपटी पार्टी’ रंगलेली असते आणि वॉचमन काका गेटवर शाल गुंडाळून बसलेले असतात.

मदत होत नाही असं नाही. ब्लँकेटवाटप होतं, चांगलंच आहे. पण एका ब्लँकेटला पाच जणांनी हात लावलेला फोटो बघितला की ते ब्लँकेट आहे की ट्रॉफी, कळत नाही! घेणाऱ्याला मात्र सांगितलं जातं, ‘इकडे बघा.’ ऊब रात्री लागते, फोटो दुपारी निघतो.

आपल्या वयाच्या पोरांकडे पैसे नसतात, मान्य. पण वेळ असतो, बाईक असते, कपाटात न वापरलेले दोन स्वेटर असतात. ते धुवा, चेन लागते का बघा आणि मगच द्या. आपण घालणार नाही ते दुसऱ्याला देऊ नका. भट्टीवर जाणार असाल तर आधी विचारा, काय हवंय? कदाचित ब्लँकेट नको असेल, पोरांच्या मापाच्या चपला हव्या असतील. फोटो काढायचाच असेल तर धुक्याचा काढा, ते लाजत नाही.

आणि यंदा पोपटी लावाल तेव्हा वॉचमन काकांना गेटवर पेपर प्लेट पाठवू नका. जाळाजवळ बोलवा, बसायला जागा करा, गप्पा मारा. ‘अजून पाच मिनिटं’वाल्याच्या शेजारी बसवा, त्यालाही कुणीतरी ऐकणारं हवंच असतं! मडक्यात चार मुठी शेंगा जास्त घातल्या तर पोपटी बिघडत नाही. जाळ तर तेवढाच लागतो.