तुटक रेघ कुठे संपते?

लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत माझा एकही प्रश्न चुकला नव्हता. पांढरी रेघ तुटक असेल तर इंडिकेटर देऊन, मागे बघून लेन बदलता येते. अखंड असेल तर ओलांडायची नाही. एक तुटक नि एक अखंड अशा दोन रेघा शेजारी असतील, तर आपल्या बाजूची आपल्याला लागू. इतकं सोपं! मग स्कूटर घेऊन पुलावर गेले आणि पहिल्याच आठवड्यात नापास झाले.

पुलाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गोव्यात कॉलेजला जायचं तर कुठली ना कुठली नदी आडवी येतेच, प्रत्येकाने आपापला पूल समजून घ्यावा. माझ्या पुलावर चढताना लेनच्या रेघा तुटक असतात, मध्याच्या पुढे त्या अखंड होतात. कुठली लेन शहरात उतरते आणि कुठली हायवेला जाते, हे सांगणारा बोर्ड येतो तो त्यानंतर. म्हणजे उत्तरपत्रिका गोळा करून झाल्यावर प्रश्नपत्रिका वाटायची.

त्यात लेन सरकवल्या तेव्हा जुन्या रेघा खरवडून न काढता त्यांच्यावर काळा रंग फासला. उन्हात कळतही नाही. पण पावसात, संध्याकाळी समोरून दिवे आले की ती काळी रेघ पांढरीपेक्षा जास्त चमकते.

गेल्या जुलैत मम्मी मागे बसली होती. ती पूल आला की अजून क्रूसाची खूण करते. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा ती लहान होती, आणि त्यानंतरचे फेरीबोटीचे दिवस तिला पाठ आहेत. बोर्ड दिसला तेव्हा मी चुकीच्या लेनमध्ये होते. रेघ अखंड. मी नियम पाळायचा ठरवला, सरळ जायचं म्हणून वेग जरा कमी केला. मागच्या गाडीवाल्याला वाटलं मी डावीकडे वळतेय. त्याने उजवीकडून काढताना माझा आरसा उडवला. वर ओरडला, ‘चालवायला येत नाही तर घरी बसा!’

स्टँडवरच्या पायलटला हे सांगितलं तर तो हसला. ‘रेघ कसली बघतेस बाय, मागच्याला बघ.’ त्याचा सल्ला खरा आहे, आणि नेमकं तेच मला खटकतं. रोजच्यांना पूल पाठ असतो, ते रेघ बघतच नाहीत. रेघ बघून चालवतो तो नवखा, पाहुणा किंवा माझ्यासारखा परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवलेला. आरसा त्याचा फुटतो.

‘आपल्याकडे कोण लेन पाळतं?’ असं म्हणणारे आमच्या मंडळातही आहेत. मान्य, शिस्त नाही. पण वाचता न येणारं वाक्य लिहायचं आणि वाचकाला अडाणी ठरवायचं, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तरी करू नये.

कायदाही गमतीचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ड्रायव्हिंगचे नियम मोडल्यास ५०० ते १००० रुपये दंड आहे. रेघेवर चाक गेलं की झालं. रस्त्याची रचना आणि देखभाल करणाऱ्यांनाही त्यात कलम आहे, १९८-अ, एक लाखापर्यंत दंडाचं. ते मात्र लागू होतं त्यांच्या हयगयीमुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं तर. नुसत्या आरशाला तिथे किंमत नाही.

मागणं फार नाही. बोर्ड पूल चढण्याआधी लावा, लेनवर बाण रंगवा, जुन्या रेघा खरवडून काढा, पावसाळा सरला की रंग पुन्हा मारा. पावसात घेतलेले फोटो जोडून मी अर्ज तयार केलाय, मराठीत. मम्मीची सही पहिली आहे. शुक्रवारच्या बैठकीला तो घेऊन येते. पेन आपापलं आणा.